कर्ज फिटले, कागद कुठे अडकले? ‘बीपीएम’ सॉफ्टवेअरचे प्रगत प्रशिक्षण नेमके काय शिकवते

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला की घरातल्या सगळ्यांना एकाच गोष्टीची वाट असते: घराची मूळ कागदपत्रे हातात पडण्याची. खरेदीखत बँकेकडे असेपर्यंत घर विकणे किंवा त्यावर दुसरीकडून कर्ज काढणे अवघड जाते. कर्ज फिटूनही कागदांसाठी शाखेत हेलपाटे मारावे लागतात, ही ग्राहकांची जुनी तक्रार. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी एक परिपत्रक काढले. कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा हा नियम आहे.

नियम चार ओळींचा आहे. पण हजारो खात्यांसाठी हे ३० दिवस मोजायचे कोणी? कागद कोणत्या तिजोरीत आहेत, कोणाच्या सहीसाठी थांबले आहेत, बोजा उतरला की नाही, याचा माग ठेवायचा कोणी? मोठ्या संस्थांमध्ये हे काम अनेकदा ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ म्हणजे ‘बीपीएम’ प्रकारच्या सॉफ्टवेअरकडे असते. ते उभारणाऱ्या आयटी व्यावसायिकांसाठी प्रगत प्रशिक्षणाचे अनेक वर्ग चालतात. त्यात नेमके काय शिकायला मिळायला हवे, ते या कागदपत्रांच्याच उदाहरणातून समजून घेऊ.

बीपीएम सॉफ्टवेअर म्हणजे काय?

साध्या प्रोग्रॅमला एक काम सांगितले की तो ते काही क्षणांत उरकतो आणि थांबतो. कचेरीतले काम असे नसते. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, मध्ये दोन दिवस कोणाच्या तरी सहीसाठी थांबते, कधी बाहेरच्या खात्याकडून उत्तर येण्याची वाट पाहते. बीपीएम सॉफ्टवेअरच्या गाभ्याशी एक ‘प्रोसेस इंजिन’ असते. ते प्रत्येक प्रकरण सध्या कोणत्या पायरीवर आहे हे साठवून ठेवते आणि योग्य वेळी त्याला पुढे ढकलते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी प्रकरण जिथे होते तिथूनच पुढे चालू होते.

या पायऱ्या आकृतीने मांडायची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिला ‘बीपीएमएन’ म्हणतात. वर्तुळ म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम आणि शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे वाटा फुटण्याची जागा. या पद्धतीची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. २०११ मध्ये ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या मानक संस्थेने २.० आवृत्ती प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ मानकही झाली. आकृती पुढे कशी चालवायची याचे नियमही २.० आवृत्तीने दिले. त्यामुळे व्यवस्थापकाने कागदावर काढलेले चित्र आणि इंजिन चालवते ती प्रक्रिया यांतले अंतर कमी झाले.

प्राथमिक वर्ग कुठे संपतो, प्रगत वर्ग कुठे सुरू होतो?

प्राथमिक वर्गात सरळ रस्ता शिकवला जातो. कर्ज फिटल्याचा निरोप आला, तिजोरीतून कागद मागवले, त्याच वेळी बोजा उतरवण्याची विनंती गेली, दोन्ही कामे झाली की ग्राहकाला बोलावले, कागद दिले, प्रकरण बंद. एवढी आकृती काढून ती चालवून दाखवणे थोड्या दिवसांत जमते. प्रात्यक्षिकाला ती छानही दिसते.

प्रत्यक्षात मात्र निरोप उशिरा येतो. कागद गहाळ होतात. भरलेला चेक वटत नाही. साहेब रजेवर असतात. कर्जदार हयात नसतो आणि वारस येतात. नियम मध्येच बदलतो. प्रगत प्रशिक्षणाचा खरा विषय हाच आहे: सरळ रस्ता मोडल्यावर प्रकरणाचे काय होते? खाली दिलेल्या अडचणी त्यातल्या महत्त्वाच्या.

घड्याळ कधीपासून चालू करायचे?

बीपीएमएनमध्ये वेळ मोजणारी ‘टायमर’ घटना असते. ती तीन प्रकारे लावता येते: ठरावीक तारखेला, ठरावीक कालावधीनंतर किंवा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. नवखा विकासक प्रकरण सुरू होताच ३० दिवसांचा टायमर लावतो. पण नियमातले ३० दिवस कर्ज फिटल्यापासून मोजायचे आहेत. खातेप्रणालीकडून निरोप तीन दिवसांनी पोहोचला, तर टायमर ३३व्या दिवशी वाजेल. तोपर्यंत त्या एका ग्राहकाचे १५,००० रुपये देणे लागलेले असेल. म्हणून इथे कालावधीपेक्षा परतफेडीच्या तारखेवरून काढलेली अंतिम तारीख लावणे योग्य.

दुसरा मुद्दा असा की टायमर वाजल्यावर चालू काम थांबवायचे की चालू ठेवायचे, हे ठरवावे लागते. विसाव्या दिवशी शाखा व्यवस्थापकाला इशारा द्यायचा असेल, तर कागद शोधण्याचे काम थांबता कामा नये. बीपीएमएनमध्ये या दोन प्रकारांसाठी वेगळ्या खुणा आहेत: काम तोडणाऱ्या घटनेचे वर्तुळ अखंड रेषेचे, न तोडणाऱ्याचे तुटक रेषेचे. चुकीची खूण वापरली तर इशारा जातो आणि त्याच क्षणी शोधाचे काम यादीतून नाहीसे होते.

कागद गहाळ झाले असतील तर मुदतच बदलते. दुसऱ्या प्रती किंवा प्रमाणित प्रती मिळवून देण्यासाठी संस्थेला आणखी ३० दिवस मिळतात, त्याचा खर्च संस्थेनेच सोसायचा असतो, आणि उशिराची भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजली जाते. म्हणजे चालू प्रकरणातला जुना टायमर रद्द करून नवा लावता आला पाहिजे. हे सगळे तपासायला कोणी ६० दिवस थांबू शकत नाही. म्हणून चाचणीत इंजिनचे घड्याळ पुढे सरकवायचे कसे, हेही प्रगत वर्गात शिकवले जायला हवे.

तोच निरोप दोनदा आला तर?

दोन प्रणाली एकमेकींशी बोलतात तेव्हा मध्येच जोडणी तुटू शकते. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, म्हणून तो निरोप पुन्हा पाठवतो. पहिला निरोप पोहोचलेला असेल, तर एकाच कर्जाची दोन प्रकरणे उघडतात. पुढे कागद मागवायच्या दोन चिठ्ठ्या निघतात आणि एक प्रकरण कधीच पूर्ण होत नाही, कारण कागद एकदाच मिळतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रकरणाला व्यवहारातली एक ओळख बांधणे, इथे कर्ज खात्याचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे प्रकरण आधीच चालू असेल तर दुसरे न उघडणे. हीच काळजी बाहेर पाठवायच्या कामांनाही घ्यावी लागते. काही इंजिने एखादे काम ‘किमान एकदा’ करण्याची हमी देतात; ‘एकदाच’ अशी हमी देत नाहीत. भरपाई खात्यात जमा करण्याचे काम दोनदा चालले तर पैसे दोनदा जातात. तेच काम पुन्हा आले तरी परिणाम एकदाच व्हावा, असा कोड लिहिणे ही विकासकाची जबाबदारी ठरते.

काम फसल्यावर काय होते, हाही याच्याच जोडीचा प्रश्न. उदाहरणार्थ, ‘कॅमुंडा ७’ हे इंजिन फसलेले काम मुळात ठरवून दिल्याप्रमाणे तीन वेळा करून पाहते. तिसऱ्यांदाही जमले नाही तर ते प्रकरण ‘इन्सिडंट’ म्हणून बाजूला ठेवते. त्या यादीकडे रोज पाहणारा माणूस नेमलेला नसेल, तर प्रकरण तिथेच पडून राहते. ग्राहकाला शाखेत ‘सिस्टीममध्ये दिसतंय, प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर मिळते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असते.

झालेले काम उलटवायचे कसे?

समजा, कर्जदाराने उरलेली सगळी रक्कम चेकने भरली. प्रकरण सुरू झाले, बोजा उतरवण्याची विनंती गेली, आणि मग चेक वटला नाही. बँकेच्या स्वतःच्या डेटाबेसमधली नोंद मागे घेता येते. पण बाहेरच्या नोंदणी यंत्रणेकडे गेलेली विनंती अशी पुसता येत नाही. तिथे उलट दिशेचे नवे काम करावे लागते: बोजा पुन्हा चढवण्याचे.

बीपीएमएनमध्ये यासाठी ‘कॉम्पेन्सेशन’ नावाची सोय आहे. या शब्दाचा ग्राहकाला द्यायच्या भरपाईशी संबंध नाही; प्रत्येक कामाला जोडून ठेवलेली त्याची उलट क्रिया, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना जुनी आहे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांसाठी ‘सागा’ ही संकल्पना मांडली. मोठा व्यवहार लहान तुकड्यांत करायचा आणि प्रत्येक तुकड्याची उलट क्रिया आधीच ठरवून ठेवायची, असे तिचे सूत्र होते.

प्रगत वर्गात याची मर्यादाही कळली पाहिजे. ‘तुमचे कागद तयार आहेत’ हा संदेश एकदा गेला की परत घेता येत नाही. त्यानंतर फक्त खुलाशाचा संदेश पाठवता येतो. म्हणून ज्या पायरीवरून मागे फिरता येत नाही, ती आकृतीत शक्य तितकी शेवटी ठेवतात. चेक वटेपर्यंत थांबणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय, आणि तो कोडमध्ये नाही, आकृतीच्या मांडणीत आहे.

नियम बदलला, प्रकरणे अर्ध्यावर आहेत

३० दिवसांचा नियम १ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर कागद परत देणे देय होणाऱ्या प्रकरणांना लागू झाला. त्या दिवशी संस्थांच्या यंत्रणांमध्ये आधीच सुरू झालेली प्रकरणे असणारच. इंजिनांची साधारण पद्धत अशी असते की आकृतीची नवी आवृत्ती टाकली की नवी प्रकरणे तिच्यावर चालतात. जुनी प्रकरणे ज्या आवृत्तीवर सुरू झाली तिच्यावरच राहतात. म्हणजे नवा टायमर जुन्या प्रकरणांना आपोआप लागत नाही.

त्यासाठी ‘मायग्रेशन’ करावे लागते: जुन्या आकृतीतली अमुक पायरी म्हणजे नव्या आकृतीतली तमुक पायरी, असा नकाशा इंजिनला द्यायचा. एखादी पायरी नव्या आकृतीत उरलीच नसेल, तर तिथे थांबलेली प्रकरणे कुठे न्यायची हे ठरवावे लागते. हा निर्णय तांत्रिक माणूस एकटा घेऊ शकत नाही. कायदा, कर्ज आणि शाखा या विभागांना सोबत घ्यावे लागते. दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रियांमध्ये हा प्रसंग कधी ना कधी येतोच, तरी अनेक अभ्यासक्रमांत हा भाग शेवटच्या तासात उरकला जातो.

निर्णय आणि माणसे

भरपाई देय आहे का, हे ठरवायला अनेक अटी पाहाव्या लागतात: किती दिवस झाले, उशीर कोणामुळे झाला, कागद गहाळ आहेत का. या सगळ्या अटी आकृतीत वाटा फोडून दाखवल्या तर आकृतीचे जाळे होते. त्यासाठी ‘डीएमएन’ हे वेगळे मानक आहे. त्यात निर्णय तक्त्याच्या रूपात मांडतात: प्रत्येक ओळ म्हणजे एक नियम. एका वेळी एकच ओळ लागू व्हावी, की पहिली जुळणारी घ्यावी, की जुळणाऱ्या सगळ्या गोळा कराव्यात, हे तक्त्याच्या सुरुवातीला नोंदवतात. रक्कम किंवा मुदत बदलली तर तक्त्यातला आकडा बदलतो, आकृतीला हात लावावा लागत नाही.

माणसांच्या कामाबाबतही अशीच शिस्त लागते. काम थेट एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकले आणि तो रजेवर गेला, तर प्रकरण थांबते. म्हणून काम गटाच्या यादीत टाकतात आणि गटातला कोणीही ते उचलतो. बँकांतला ‘मेकर-चेकर’चा दंडक, म्हणजे नोंद करणाऱ्याने स्वतःच ती मंजूर न करणे, हा मात्र इंजिनने पाळायला लावायचा असतो. कर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर वारसांसाठी वेगळी कार्यपद्धती ठेवावी, असेही रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक सांगते. तो रस्ता आकृतीत नसेल तर शाखेतले लोक ते काम वहीत आणि ईमेलवर करू लागतात. मग यंत्रणेतल्या नोंदींवर विसंबता येत नाही.

एक उत्पादन शिकावे की विषय?

प्रशिक्षण घेणाऱ्यासमोरचा हा सर्वांत व्यवहारी प्रश्न. या क्षेत्रात उत्पादने बदलतात. आयबीएमने २०१० मध्ये लोम्बार्डी ही कंपनी घेतली, तिचे उत्पादन ‘आयबीएम बीपीएम’मध्ये सामावले, आणि पुढे ते ‘बिझनेस ऑटोमेशन वर्कफ्लो’ झाले. कॅमुंडा ही बर्लिनची कंपनी. तिने २०१३ मध्ये ‘ॲक्टिव्हिटी’ या मुक्त इंजिनपासून वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये तिने ‘कॅमुंडा ८’ आणले आणि ‘कॅमुंडा ७’च्या मोफत आवृत्तीचे शेवटचे प्रकाशन २०२५ मध्ये झाले.

या बदलात काय टिकले आणि काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. ७ मध्ये इंजिन जावा प्रोग्रॅमच्या पोटात बसवता येत असे आणि एकाच डेटाबेस व्यवहारात इंजिनची नोंद व प्रोग्रॅमची नोंद दोन्ही होऊ शकत. ८ मध्ये इंजिन स्वतंत्र चालते आणि कोड बाहेरून कामे मागून घेतो. जुन्या रचनेवर बेतलेला कोड त्यामुळे पुन्हा लिहावा लागतो. बीपीएमएन आणि डीएमएनचे ज्ञान मात्र जसेच्या तसे उपयोगी पडते. डीएमएनमधली ‘फील’ ही सूत्रभाषा तर ८ मध्ये आकृतीतल्या अटींसाठीही वापरली जाते. ज्याने मानके नीट शिकली, त्याला नव्या आवृत्तीत थोडेच नवे शिकावे लागले. ज्याने फक्त पडद्यावरची बटणे पाठ केली, त्याला जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पेगासिस्टीम्सचे ‘पेगा’ वेगळ्या वाटेने जाते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या मांडणीत ‘केस’ केंद्रस्थानी असते आणि तिचे टप्पे व पायऱ्या ठरवल्या जातात. चिन्हे वेगळी असली तरी वर पाहिलेले प्रश्न तिथेही सुटत नाहीत: मुदत, दुहेरी निरोप, उलट क्रिया आणि बदलते नियम.

प्रमाणपत्रांचा उपयोग किती?

पेगाची प्रमाणपत्रे सिस्टीम आर्किटेक्ट, सीनियर आणि लीड अशा चढत्या पायऱ्यांची आहेत, आणि त्या उत्पादनावर काम करणाऱ्या कंपन्या भरतीत ती पाहतात. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपची ‘ओसेब २’ ही परीक्षामाला उत्पादनाशी बांधलेली नाही. तिची पायाभूत पातळी सामायिक आहे आणि पुढे व्यवसाय व तंत्र अशा दोन शाखा आहेत. पेगा आणि कॅमुंडा दोघांच्याही ऑनलाइन अकादमीत बरेच अभ्यासक्रम मोफत आहेत. त्यामुळे एखाद्या संस्थेला मोठे शुल्क भरण्याआधी मोफत काय मिळते ते पाहून घ्यावे. शुल्क भरायचे ते त्यापलीकडच्या गोष्टीसाठी: अनुभवी माणसाने चुका दाखवण्यासाठी आणि अवघड सरावासाठी.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

वर्ग कितपत प्रगत आहे, हे काही साध्या प्रश्नांनी कळते:

- सरावात चालू प्रकरणे नव्या आवृत्तीवर नेऊन दाखवतात का?
- मुद्दाम सर्व्हर बंद करून किंवा निरोप दोनदा पाठवून काय होते ते पाहायला लावतात का?
- महिनाभराच्या मुदतीची चाचणी काही मिनिटांत करायला शिकवतात का?
- अडकलेली प्रकरणे शोधून सोडवण्याचा सराव आहे का?
- इंजिनच्या नोंदींवरून प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहायला शिकवतात का?

शेवटच्या प्रश्नाला ‘प्रोसेस मायनिंग’ म्हणतात. डच संशोधक विल व्हान डेर आल्स्ट यांच्या कामामुळे हा विषय नावारूपाला आला. त्यासाठी किमान तीन गोष्टी लागतात: प्रकरणाचा क्रमांक, झालेले काम आणि वेळ. एवढ्यावरून कागद तिजोरीतून यायला किती दिवस लागतात, कोणती सही कायम उशिरा होते, कोणते प्रकरण त्याच दोन टेबलांमध्ये फिरते, हे दिसते. कधी असेही लक्षात येते की एखादी सही कशासाठी आहे हेच कोणाला सांगता येत नाही. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्येच सांगितले होते की निरुपयोगी काम वेगवान करण्यापेक्षा काढून टाकावे. अशी सही संगणकावर आणण्यापेक्षा आकृतीतून वगळली, तर कागद तेवढे दिवस आधी ग्राहकाच्या हातात पडतात.

वर्ग संपल्यावर स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर हीच कागदपत्र-वापसीची प्रक्रिया मोफत साधनांवर उभी करून पाहावी. मग तिला एक उशिरा आलेला निरोप, एक गहाळ खरेदीखत, एक न वटलेला चेक आणि मध्येच बदललेला नियम द्यावा. चारही प्रकरणे पूर्ण होऊन बंद झाली आणि कुणाचीही भरपाई दोनदा गेली नाही, तर प्रशिक्षण कामी आले असे समजायला हरकत नाही.